पिस्तूल : घडवावे की विकत घ्यावे?

जुन्या दिल्लीच्या उत्तरेस अरवलीच्या डोंगररांगेचे शेवटचे टेकाड आहे. स्थानिक लोक त्याला रिज म्हणतात. या टेकाडावर महानगरपालिकेचे एक मोठे रुग्णालय असून त्याचे नाव हिंदूराव. नातेवाइकांना घेऊन तेथे येणाऱ्या दिल्लीकरांपैकी बहुतेकांना हे नाव एखाद्या माणसाचे असेल अशी शंकाही येत नाही. 'हिंदूराव' म्हणजे दवाखाना, एवढेच त्यांना ठाऊक. वास्तविक हा गृहस्थ कोल्हापूरजवळच्या कागलचा. जयसिंगराव घाटगे त्याचे नाव आणि हिंदूराव हा किताब. सर्जेराव घाटग्यांचा तो मुलगा, बायजाबाईंचा भाऊ, म्हणून दौलतराव शिंद्यांचा मेहुणा. १८२७ साली दौलतराव वारले. पुढे सहा वर्षे ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंच्या हाती होता. १८३३ मध्ये तो त्यांच्या हातून गेला आणि हिंदूरावांनी दिल्लीचा आश्रय घेतला.

टेकाडावरचे ते घर त्यांनी बांधलेले नव्हते. १८३० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या त्या बंगल्यात विल्यम फ्रेझर हा गव्हर्नर जनरलचा दिल्लीतील प्रतिनिधी राहत असे. २२ मार्च १८३५ च्या रात्री घोड्यावरून घरी परतत असताना त्याच्यावर गोळी झाडण्यात आली आणि तो जागीच ठार झाला. फिरोजपूर झिरक्याचा नवाब शमसुद्दीन याचा चाकर करीमखान हा मारेकरी ठरला. त्याच वर्षी चाकर आणि धनी दोघेही फासावर गेले. मालकावाचून पडलेला बंगला पुढे हिंदूरावांनी घेतला. एका बंदुकीच्या गोळीमुळे हे घर मराठी माणसाच्या हाती आले. त्यापूर्वी बत्तीस वर्षे, अशाच बंदुका आणि तोफा यांच्या बाबतीत घेतलेल्या एका निर्णयाच्या अपुरेपणामुळे त्याच्या मेहुण्याच्या हातून दिल्ली गेली होती. तो निर्णय असा, की शस्त्र आपण स्वतः घडवावे, की दुसऱ्याकडून विकत घ्यावे?

आजच्या सामान्य नागरिकापुढे हा प्रश्न उभाच राहत नाही, हे प्रथम सांगून टाकलेले बरे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार साधे पिस्तूल बाळगण्यासही परवाना लागतो. ते बनविण्यास वेगळाच परवाना लागतो आणि तो कारखानदारास मिळतो, हौशी माणसास नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनविणाऱ्यास किमान सात वर्षांची आणि अधिकात अधिक जन्मठेपेची शिक्षा आहे. एका परवानेदाराजवळ पूर्वी तीन अग्निशस्त्रे असू शकत, त्या दुरुस्तीने ती संख्या दोनवर आली. तेव्हा घरगुती पातळीवर उत्तर कायद्यानेच देऊन ठेवले आहे, आणि ते योग्यच आहे. प्रश्न खरा आहे तो राज्यापुढे. राज्य लहान असो वा मोठे, त्याला शस्त्रे लागतातच, आणि ती कोठून आणावयाची याचे उत्तर केवळ किमतीच्या हिशेबात सापडत नाही.

सतराव्या शतकापासून मराठ्यांपुढे हा प्रश्न होता. तलवारी, भाले, तोड्याच्या बंदुका येथले लोहार उत्तम घडवीत. अडचण होती ती चांगल्या तोफांची. शिवाजी महाराजांना त्या किनाऱ्यावरील फिरंग्यांकडून घ्याव्या लागत. विकणारा आपल्या सोयीने विके. पुष्कळदा त्याला नको झालेला माल तो पुढे करी आणि मोगलांचा रोष ओढवेल असे वाटले की हात आखडता घेई. टोपीकरांना किनाऱ्यावर फार जवळ करू नये असा इशारा आज्ञापत्रात दिला आहे. त्यामागे हा अनुभवही असला पाहिजे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळी तोफा ओतण्याचा आणि गोळे पाडण्याचा उद्योग सरकारी देखरेखीखाली सुरू झाला. मात्र उद्योग सुरू होणे वेगळे आणि एकसारखा माल वर्षानुवर्षे निघणे वेगळे. ते साधले महादजी शिंद्यांच्या आग्र्यास.

महादजींनी पानिपत पाहिले होते आणि त्याची खूण आयुष्यभर पायावर वागविली होती. पुढे इंग्रजांशी झालेल्या युद्धात कवायती पायदळ आणि हलक्या तोफा यांचा मारा त्यांनी जवळून अनुभवला. १७८४ साली त्यांनी द बॉयन नावाच्या सॅव्हॉय प्रांतातील सेनानीला चाकरीस ठेवून प्रथम दोन पलटणी उभ्या करविल्या. या पलटणींना शस्त्रे हवीत. बाजारात मिळणाऱ्या बंदुका एका मापाच्या नसत. एकीची गोळी दुसरीच्या नळीत बसत नसे, आणि शंभर जणांना शंभर प्रकारच्या गोळ्या पुरविणे म्हणजे लढाईपूर्वीच हरणे. कलकत्त्याहून बंदुका आणाव्यात तर त्या ज्याच्याशी उद्या लढावयाचे त्याच्याच वखारीतल्या. शांततेत तो विकील, युद्धाचा रंग दिसू लागला की देणे बंद करील. म्हणून आग्र्याच्या ओतशाळेचा संसार मांडण्यात आला. सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश कारागीर, जो पूर्वी गोहदच्या राण्याकडे होता, तो या कामावर नेमला गेला. त्याच्या हाताखाली हिंदी लोहार, ओतारी, सुतार काम करीत. या कारखान्यातील चकमकीची बंदूक सुमारे दहा रुपयांत तयार होई आणि ती विलायती बंदुकीच्या फार मागे नव्हती, असे त्या काळच्या युरोपीय सेनानींच्या चरित्रांतून नमूद आहे.

दहा रुपयांत बंदूक! आकडा वाचून आज गंमत वाटते. पण यातली खरी कमाई दहा रुपयांत नव्हती. चकमकीच्या बंदुकीत लाकडी कुंदा आहे, लोखंडी नळी आहे, आणि या दोहोंहून अवघड असा चाप आहे. चापाच्या पोलादी पट्टीला पाणी बरोबर दिले गेले नाही तर ती थंडीत तडकते किंवा महिन्याभरात ढिली पडते, आणि मग गार पोलादावर आपटूनही ठिणगी पडत नाही. असा चाप एकदा करणे कोणत्याही कुशल लोहारास साधेल. दहा हजार वेळा तोच चाप करणे ही मात्र कारखान्याची गोष्ट आहे. त्यासाठी माप हवे, साचा हवा, तपासणारा डोळा हवा, नापास माल फेकून देण्याची हिंमत हवी. महादजींनी घेतली ती ही गोष्ट. १७९० साली पाटण आणि मेडता येथील लढाया या पलटणींनी आणि या तोफांनी जिंकल्या.

तोफांचा दर्जा काय होता, याची साक्ष त्यांच्या शत्रूने दिलेली आहे आणि म्हणूनच ती अधिक विश्वासार्ह. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेक याने यमुनेच्या पूर्वतीरावर, पटपडगंजच्या बाजूला, शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानात उभा आहे आणि चेंडूमागे जाणाऱ्यांपैकी फार थोडे त्याच्याकडे पाहतात. त्या दिवशी अडुसष्ट तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांची यादी करून अहवाल लिहिला. लोखंडी तोफा युरोपातल्या होत्या. पितळी तोफा मात्र, एक पोर्तुगीज तोफ सोडली तर, हिंदुस्थानातच ओतलेल्या होत्या. काहींवर मथुरेचे नाव होते, काहींवर उज्जैनचे. नमुना फ्रेंच पद्धतीचा, कारागिरी कंपनीच्या शस्त्रागारातील कामाच्या तोडीची. काही तोफांना आत लोखंडी नळी देऊन तिच्यावर पितळी धातू ओतला होता. ही मूळची हिंदुस्थानी युक्ती असून तिच्यामुळे महाग धातूची बचत होई आणि तोफेचे पोट लवकर झिजत नसे. नेम वरखाली करण्यासाठी स्क्रूची योजनाही होती. त्याच महिन्यात असईच्या रणांगणावर आर्थर वेल्स्लीच्या हाती शिंद्यांच्या नव्वदाहून अधिक तोफा लागल्या, आणि त्यानेही त्यांची वाखाणणी केली.

मग अशा तोफा असताना दिल्ली, असई, लासवारी ही सर्व मैदाने हातची का गेली? येथेच महादजींच्या निर्णयातील उणीव दिसते. तोफ घडविली, बंदूक घडविली. ती चालविण्याची आज्ञा देणारा मात्र विकत घेतला. पलटणींचे वरिष्ठ अधिकारी जवळजवळ सर्व युरोपीय होते. १७९४ मध्ये महादजी वारले, लवकरच द बॉयन मायदेशी गेला आणि त्याच्या जागी पेराँ आला. ऑगस्ट १८०३ मध्ये कंपनी सरकारने जाहीरनामा काढला, की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या युरोपीय अधिकाऱ्यांची आम्ही सोय लावू. एकामागून एक अधिकारी निघून गेले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात खुद्द पेराँनेच इंग्रजांचा रस्ता धरला. दिल्लीच्या लढाईत फौजेचा नायक असलेला बोर्किन लढाईनंतर तीनच दिवसांत शरण गेला. आग्र्याच्या किल्ल्यात तर शिपायांनी आपल्याच युरोपीय अधिकाऱ्यांना अटकेत टाकले होते. ज्या कारखान्यासाठी इतकी वर्षे पैसा आणि श्रम घातले, तो किल्ल्यासह ऑक्टोबरात गेला.

१ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीस जे झाले ते या सर्वांत अधिक चटका लावणारे आहे. युरोपीय अधिकारी नसलेल्या त्या पलटणी तोफांना चिकटून राहिल्या आणि गोलंदाज तोफेशेजारीच कापले गेले. या फौजेला फ्रेंच अधिकारी असते तर लढाईचा निकाल काय लागला असता याची भीती वाटते, असे लेकनेच आपल्या पत्रात कबूल केले. यातून दोन अर्थ निघतात. नेतृत्वावाचून पलटणी हरल्या, हा एक. फ्रेंच अधिकारी नसतानाही त्या तशा लढल्या, म्हणजे नायक आपल्यातूनच तयार करता आले असते, हा दुसरा. पहिला अर्थ इंग्रजांनी काढला. दुसरा काढण्याची सवड दौलतरावांना मिळाली नाही, आणि कदाचित त्यांनी ती शोधलीही नाही. डिसेंबरच्या सुर्जी अंजनगावच्या तहात, इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्रांचे युरोपीय चाकरीस ठेवू नयेत असे कलमच पडले. उसनी विद्या शिकविणारा दरवाजाही त्यामुळे बंद झाला.

ग्वाल्हेरास तोफा मात्र उरल्या. हिंदूराव दिल्लीस राहत असताना, डिसेंबर १८४३ मध्ये महाराजपूरच्या लढाईत इंग्रजांना पुन्हा त्यांना तोंड द्यावे लागले. त्यानंतरच्या तहाने ग्वाल्हेरच्या फौजेला नऊ हजारांची मर्यादा घातली आणि तोफांची संख्याही मोजून दिली. पराभूत राज्याच्या खजिन्यापेक्षा त्याच्या ओतशाळेकडे विजेत्याचे लक्ष आधी जाते, ते उगीच नव्हे.

हिंदूराव १८५७ पूर्वीच निवर्तले. त्या वर्षीच्या जूनमध्ये त्यांचा बंगला रणांगण बनला. दिल्लीला वेढा घालून बसलेल्या इंग्रजांचे टेकाडावरील मुख्य ठाणे तेच होते, आणि मेजर रीडच्या सिरमूर पलटणीतील गुरख्यांनी ते तीन महिने धरून ठेवले. चारशे नव्वद जणांपैकी तीनशे सत्तावीस मारले गेले अथवा जखमी झाले. खालच्या शहरात तोफांना तोटा नव्हता. दिल्लीच्या शस्त्रागाराचा काही भाग इंग्रजांनी ११ मे रोजी उडवून दिला तरी उरलेले भांडार शिपायांच्या हाती आले होते. कमी पडू लागल्या त्या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तू. त्यांपैकी एक बंदुकीची टोपी. चकमकीची जागा आता तांब्याच्या इवल्या टोपीने घेतली होती, आणि तिच्या पोटातले स्फोटक मीठ तयार करण्याचे रसायनशास्त्र दिल्लीच्या बाजारात नव्हते. गार कोठल्याही टेकडीवर मिळते, टोपी कारखान्यातूनच यावी लागते. दारूही पुरेना. चुडीवालान मोहल्ल्यात बेगम समरूच्या हवेलीत दारूचा कारखाना चालविण्यात येत होता, तोही ७ ऑगस्ट रोजी स्फोट होऊन शेकडो कामगारांसह नष्ट झाला. याच्या उलट सप्टेंबरच्या आरंभी इंग्रजांची वेढ्याची अवजड तोफांची रांग फिरोजपुराहून टेकाडावर पोहोचली. १४ तारखेस हल्ला झाला आणि आठवड्याभरात शहर पडले.

महादजींच्या काळी प्रश्न बंदुकीचा होता, बहादूरशहाच्या काळी तो टोपीचा झाला. शस्त्र जसजसे सुधारते तसतसा त्याच्यामागचा कारखाना लांबत जातो. पिस्तुलाचे पाहा. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात प्रत्येक काडतूस त्याच मापाचे आणि त्याच जोराचे असावे लागते, कारण एका काडतुसाच्या धक्क्यानेच पुढचे काडतूस नळीत चढते. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील क्रांतिकारकांपुढे हाच पेच होता. बाँबची विद्या सेनापती बापटांनी पॅरिसहून आणली आणि बाँब येथे करता आले. पिस्तुले करता येण्यासारखी नव्हती. १९०९ च्या आरंभी सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर मुंबईस धाडली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या नाट्यगृहात जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या त्यांतल्याच होत्या. विकत घेतलेल्या वस्तूमागे घेणाऱ्यापर्यंत पोहोचणारा माग राहतो, आणि या पिस्तुलांनी तो कोर्टापर्यंत नेला.

इंग्रज सरकारने येथील प्रजेसाठी हा प्रश्न १८७८ च्या शस्त्र कायद्याने मिटविला. स्वतःसाठी मात्र त्याने घडविण्याचाच मार्ग धरला. काशीपूरचा तोफांचा कारखाना, खडकीचा १८६९ चा दारूगोळा कारखाना, इच्छापूरचा रायफलींचा कारखाना हे सर्व त्याचे. स्वातंत्र्यानंतर ते वारशाने आपल्याकडे आले, आणि १९५८ साली पुण्यास शस्त्रसंशोधनाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तरीही प्रारंभीची बरीच वर्षे 'घडविणे' म्हणजे परक्याचा नमुना घेऊन तो आपल्या कारखान्यात बनविणे असेच होते. इच्छापूरचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल हे युद्धकाळात कॅनडात बनत असलेल्या ब्राउनिंगवर बेतलेले. कानपूरची कार्बाइन ब्रिटिशांच्या स्टर्लिंगची प्रतिकृती. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सँगस्टरची बंदूकही विलायती नमुन्यावरच होती. मात्र अशा रीतीने बनविणाऱ्याला वस्तू कशी करावी हे कळते, ती तशी का केली हे कळत नाही, आणि बदल करावयाची वेळ आली की तो अडतो.

ती वेळ स्टर्लिंग कार्बाइन जुनी झाल्यावर आली. खरेदीचे प्रयत्न दीर्घकाळ चालले. संयुक्त अरब अमिरातीतील कॅराकल कंपनीच्या ९३,८९५ कार्बाइन घेण्याचे ठरले आणि २०२० मध्ये तो व्यवहार रद्द झाला. निविदा, चाचण्या, हरकती, फेरचाचण्या यांत वर्षे जातात, सैनिकाच्या हातात मात्र तेच जुने हत्यार राहते. खरेदी म्हणजे झटपट आणि घडविणे म्हणजे विलंब, ही समजूत सरकारी दप्तराचा अनुभव असलेल्या कोणासही टिकवून धरणे कठीण जावे.

याच सुमारास लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड या अधिकाऱ्याने महूच्या पायदळ शाळेत आणि पुण्याच्या उपर्युक्त संस्थेच्या साहाय्याने एका यांत्रिक पिस्तुलाची रचना केली. 'अस्मी' असे त्याचे नाव. चार महिन्यांत नमुना तयार झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये तो जाहीर करण्यात आला. वरचा भाग विमानासाठी वापरतात त्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन तंतूंचा. चापाचे काही भाग तर त्रिमितीय छपाईने करून पाहिले होते. पूर्वी एका सुट्या भागाचा नमुना करावयाचा तर साचा पाडण्यातच महिने जात. आता चूक सापडली तर दुसऱ्या दिवशी नवा भाग हातात येतो. किंमत पन्नास हजार रुपयांच्या आत राहील असे तेव्हा सांगण्यात आले. काडतूस नऊ मिलिमीटरचेच ठेवले, हा यातला शहाणपणाचा भाग. ते काडतूस देशात कित्येक दशके बनत आले आहे, त्यामुळे टोपीवाचून बंदूक अडण्याचा १८५७ चा प्रसंग येथे संभवत नाही.

परंतु नमुना आणि पुरवठा यांत अंतर असते. एक हत्यार चांगले निघाले म्हणून हजारावे तसेच निघेल असे नाही, आणि ते तसे निघावे म्हणून जी यंत्रे मांडावयाची, त्यांचा खर्च पन्नास मागणीवर निघत नाही, पन्नास हजारांवर निघतो. घडवावे असे म्हणणाऱ्या सरकारने पुरेशी आणि सलग मागणी नोंदविली नाही तर कारखानदार यंत्रे विकून दुसऱ्या धंद्यास लागतो. 'अस्मी'च्या बाबतीत हैदराबादच्या लोकेश मशिन्स या यंत्रे बनविणाऱ्या कंपनीने उत्पादन हाती घेतले. २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर विभागाने पहिली साडेपाचशे पिस्तुले सेवेत घेतली. याच काळात दूर पल्ल्याच्या रायफलींसाठी अमेरिकेहून ७२,४०० आणि नंतर आणखी सुमारे ७३,००० नग विकतच घेण्यात आले, आणि सहा लाखांवर एके-२०३ रायफली रशियन परवान्याने अमेठीजवळ कोरव्यास बनविण्याचा करार झाला. म्हणजे एकाच सैन्यासाठी एक हत्यार विकत, दुसरे परवान्याने, तिसरे स्वतःच्या रचनेचे. वरवर पाहता हे धोरणाचे विस्कळितपण वाटेल. पण सीमेवर उभ्या असलेल्या शिपायाला या वर्षीच रायफल हवी असते, आणि रचना करणाऱ्याला आणखी पाच वर्षे हवी असतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

साडेपाचशे ही संख्या लहान आहे. सँगस्टरच्या आग्र्यातही पहिल्या वर्षी दोन पलटणींपुरतेच काम होते. त्या पलटणींची संख्या पुढे वाढत गेली, आणि पाटण व मेडत्यानंतर महादजींनी द बॉयनला आणखी फौज उभारण्यास सांगितले आणि तिच्या खर्चासाठी दोआबातील मुलुख लावून दिला.